माळ्यावर नोड ठेवू इच्छिणाऱ्यांसाठी

बेळगावात शहापुरातल्या किंवा वडगावातल्या आपल्या घराच्या माळ्यावर बिटकॉइनचा नोड, म्हणजे या आभासी चलनाच्या सर्व व्यवहारांची खातेवही जपणारा संगणक, ठेवण्याचा विचार आपण करत असाल, तर सर्वप्रथम अभिनंदन. खाणकाम करणाऱ्याला, म्हणजे संगणकाच्या बळावर या खातेवहीत नवे पान (ब्लॉक) जोडणाऱ्याला, एप्रिल २०२४ पासून एका ब्लॉकमागे ३.१२५ बिटकॉइन मिळतात. नोड चालवणाऱ्याला काहीच मिळत नाही. अनोळखी माणसांचे व्यवहार फुकटात तपासायचे, सहाशे जीबीहून जाड झालेली खातेवही पदरमोड करून जपायची आणि मागेल त्याला तिची नक्कल पुरवायची, हे काम इतके निःस्वार्थ आहे की त्यात कायदेशीर धोका असेल अशी शंका घेणेही कोतेपणाचे ठरेल. म्हणून वकिलाकडे जाऊ नये. तो फी घेऊन ‘स्पष्ट तरतूद नाही’ एवढेच सांगणार; तेवढ्या पैशांत घरी कुंदा येईल.

आणि स्पष्ट तरतूद खरोखरच नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना अशा आभासी चलनांपासून दूर राहायला सांगितले, सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द केले आणि २०२२ मध्ये सरकारने नफ्यावर तीस टक्के कर व हस्तांतरणावर एक टक्का टीडीएस लावला. ज्यावर सरकार कर घेते ते बेकायदा कसे असेल, हा युक्तिवाद आतापासूनच पाठ करून ठेवावा. आयकर खाते बेकायदा उत्पन्नावरही तितक्याच आपुलकीने कर घेते, या क्षुल्लक बाबीकडे लक्ष देण्याचे कारण नाही.

७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने आभासी मालमत्तेची अदलाबदल, हस्तांतरण आणि सांभाळ हे दुसऱ्याच्या वतीने व्यवसाय म्हणून करणाऱ्यांना मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली आणले. नुसता नोड चालवणारा कोणाच्या वतीने काही करत नाही, तो केवळ निरोप पुढे देतो, असे आपण म्हणाल आणि ते बरोबरही असेल. हुंडीवाल्याचा निरोप्याही नेमके हेच म्हणत आला आहे. तरीही हा बचाव फार भक्कम वाटत असेल, तर गल्लीतल्या चार मित्रांची वॉलेट आपल्याच मशीनवर सांभाळायला घ्यावीत आणि त्याबद्दल थोडे कमिशन ठेवावे. बचाव ताबडतोब सैल होईल.

ज्या वस्तूला कायद्यात नाव नसते तिला पंचनाम्यात मिळते. ऑक्टोबर २०१८ मध्ये बंगळुरूच्या एका मॉलमध्ये बसवलेले बिटकॉइनचे एटीएम पोलिसांनी जप्त केले, तेव्हा असे यंत्र बसवू नये असे सांगणारे कलम कोणालाही तोंडपाठ नव्हते. २०१४ साली ऑस्ट्रियात ग्राझच्या न्यायालयाने टॉर या ओळख लपवणाऱ्या नेटवर्कचा एक्झिट नोड, म्हणजे इतरांची रहदारी जिथून बाहेर पडते ते यंत्र, चालवणाऱ्या एका तरुणाला दोषी ठरवले, कारण त्याच्या यंत्रातून दुसऱ्याचा घाणेरडा मजकूर गेला होता. टॉरचा एक्झिट नोड वेगळा आणि बिटकॉइनचा वेगळा, हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. माळ्यावर शिडी लावून चढणाऱ्या हवालदारालाही ते ठाऊक असेलच.

आता खातेवहीत काय काय लिहिलेले आहे, याची चौकशी चुकूनही करू नये. २०१८ मध्ये जर्मनीतल्या आखेन आणि फ्रँकफर्ट येथील संशोधकांना बिटकॉइनच्या साखळीत, म्हणजे याच खातेवहीत, सुमारे सोळाशे फायली सापडल्या. त्यांतल्या काही अश्लील होत्या आणि बालकांच्या लैंगिक शोषणाच्या संकेतस्थळांचे दुवेही त्यांत होते. त्या काळी असा मजकूर घुसवायला थोडी कसरत करावी लागे. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या बिटकॉइन कोअर या नोड चालवण्याच्या सॉफ्टवेअरच्या तिसाव्या आवृत्तीने व्यवहाराला जोडायच्या मजकुराची नेहमीची ८३ बाइटांची मर्यादा एक लाख बाइटांवर नेली, त्यामुळे पाहुण्यांची चांगली सोय झाली आहे. इकडे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ रोजी पॉक्सोच्या, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १५ चा अर्थ लावताना असे म्हटले आहे की अशी सामग्री जवळ ठेवणे, ती न पुसणे आणि तिची खबर न देणे यांवरून ती पुढे पाठवण्याचा हेतू ताडता येतो. म्हणजे कायदा म्हणतो, पुसा. आणि आपण माळ्यावर जे आणले आहे त्याचा सर्वांत मोठा गुण हाच की त्यातले काहीही पुसता येत नाही. पुढे पाठवण्याचा हेतू नव्हता असे सांगावे, तर पुढे पाठवण्याखेरीज त्या यंत्राला दुसरा उद्योगच फारसा नाही. जुने ब्लॉक टाकून देणारा छाटलेला नोड चालवण्याची सोय आहे खरी, पण ती भेकडांसाठी आहे.

इंटरनेटची जोडणी आजोबांच्या नावावर ठेवावी. आयपी पत्त्यावरून नोटीस त्यांच्याच नावाने येईल आणि या वयात कोणीतरी त्यांची विचारपूस केली, असा आनंद त्यांना मिळेल. ती कन्नडमध्ये असेल. आपल्याला कन्नड येते, बाजारात आपण भाव करतोच. पण नोटिशीतले कन्नड भाजीबाजारातले नसते, म्हणून ती शेजारच्या सरांकडून वाचून घ्यावी, म्हणजे पोलीस पोहोचण्यापूर्वी गल्ली तयार असेल.

फार भीती वाटू लागलीच, तर यंत्र चंदगडच्या मामाकडे न्यावे आणि बेळगावातून चालवावे. माहिती तंत्रज्ञान कायदा केंद्राचा असल्याने मग दोन्ही राज्यांचे पोलीस तपास करू शकतील. एरवी ज्याचे गाऱ्हाणे इकडचे तिकडे ढकलतात आणि तिकडचे इकडे, त्या सीमावासीयावर दोन्ही राज्ये एकाच वेळी हक्क सांगत आहेत, हे दृश्य २००४ पासून न्यायालयात पडून असलेल्या सीमावादाच्या दाव्यानेही अजून दाखवलेले नाही.

यंत्र जप्त झाले म्हणून नेटवर्क थांबणार नाही. साधारण दहा मिनिटांत पुढचा ब्लॉक येईल आणि जगभरचे हजारो नोड त्यावर एकमत करतील. खातेवहीच्या नकला त्या सगळ्यांकडे आहेत. पंचनाम्याच्या नकलेसाठी मात्र अर्ज करावा लागेल, आणि तो कन्नडमध्ये लिहिलेला बरा.