जुन्या गाडीची किंमत विमा कंपनीने एकटीनेच का ठरवायची?

रविवारी सकाळी नवी मुंबईत पाम बीच रोडला किंवा ठाण्यात घोडबंदरला गायमुखपर्यंत चक्कर मारा. व्हीटेक होंडा सिटी, पॅलिओ 1.6, सेडिया, एखादी ऑक्टाव्हिया आरएस अशी जुनी, जोरदार गाडी दिसतेच. मालकांनी या गाड्यांवर पैसा आणि उमेदीची वर्षं घातली आहेत. पण विमा रिन्यू करायची वेळ आली की हीच मंडळी मोबाइलवर सगळ्यात स्वस्त आकडा निवडतात. या सवयीला माझा ठाम विरोध आहे.

माझी ऑक्टाव्हिया आरएस 2004 ची, एमएच-04 म्हणजे ठाण्याच्या नंबरची. 1.8 लिटर टर्बो, कंपनीतून निघताना 150 बीएचपी. अलॉय, सीट्स, सस्पेन्शन, म्युझिक सिस्टिम बदललेली. वेबसाइटवर नंबर टाकला की आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) येतो दीड लाखाच्या आसपास, कारण तिथे फक्त मॉडेल आणि वर्ष बघतात.

आयडीव्ही कमी असेल तर गाडी चोरीला गेल्यावरच फटका बसतो, असा समज आहे. खरा धोका वेगळा आहे. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांपुढे गेला की गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण निकामी धरली जाते. दीड लाखाचे 75 टक्के म्हणजे 1,12,500. ठाण्यात माजिवड्याला टेम्पोने समोरून ठोकलं, रेडिएटर, हेडलाइट, बॉनेट गेलं, पार्ट बाहेरून मागवावे लागले, की तो आकडा सहज ओलांडतो. वागळे इस्टेटमधला मेकॅनिक जी गाडी महिनाभरात रस्त्यावर आणेल, ती कागदावर संपलेली असते.

आता नियम काय सांगतो ते बघा. घसाऱ्याचा (वयानुसार किंमत कमी धरण्याचा) ठरलेला तक्ता गाडी पाच वर्षांची होईपर्यंतच आहे. सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के, तिथून चढत चार ते पाच वर्षांच्या गाडीला 50 टक्के. त्यानंतर आयडीव्ही कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायचा असतो. म्हणजे आपली संमती लागते, आणि ती आपण न वाचता देऊन टाकतो.

मी ती दिली नाही. लायसन्सधारक सर्व्हेअरकडून व्हॅल्युएशन करून घेतलं, बिलं आणि फोटो जोडले, बदलांची यादी दिली आणि लेखी मागणी केली. एका कंपनीने सरळ नकार दिला. दुसरीने गाडी तपासली आणि आयडीव्ही दुपटीहून जास्त मान्य केला. ओडी प्रीमियम (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता) वाढला, पण तो मला आनंदाने परवडतो. थर्ड पार्टीत, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या सक्तीच्या विम्यात फरक पडत नाही. 1500 सीसीच्या वरच्या खाजगी गाडीला 2022 च्या दरपत्रकात तो 7,897 रुपये आहे.

बदल मात्र सगळे जाहीर करा. इलेक्ट्रिकल अॅक्सेसरीजना त्यांच्या किमतीच्या 4 टक्के जादा प्रीमियम पडतो. 40,000 च्या सिस्टिमला 1,600 रुपये. अलॉय, सीट्सची किंमत वेगळी दाखवता येते. कळव्यातल्या एका ओळखीच्या मुलाचा क्लेम अडला तो इथेच. चूक समोरच्याची होती. पण सर्व्हेअरने खाली वाकून सस्पेन्शन पाहिलं, आणि फॉर्ममध्ये बदलांपुढे ‘नाही’ लिहिलेलं. एजंटने त्याला न विचारताच भरलेलं. फॉर्म स्वतः वाचा, त्याची प्रत ठेवा.

आणि आरसीशी न जुळणारं काम विम्याने झाकलं जात नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलंय की गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली चालणार नाहीत. चासी कापलेल्या गाड्यांची बाजू मी घेणार नाही.

आयडीव्ही वाढला तरी दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या पार्टवर 50 टक्के घसारा कापतात. रबर, प्लास्टिकवर तेवढाच. झीरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) इतक्या जुन्या गाडीला सहसा देत नाहीत. पावसाळ्यात ठाण्यात वंदना टॉकीजजवळ साचलेल्या पाण्यात इंजिन बंद पडलं आणि परत स्टार्ट मारला, तर तो खर्च साध्या पॉलिसीत बसतच नाही.

माझी मागणी आहे ‘अॅग्रीड व्हॅल्यू’ पॉलिसीची. म्हणजे आधी ठरलेली रक्कम, टोटल लॉसच्या वेळी वाद नाही. आपल्या मोटार टॅरिफने (मोटार विम्याच्या नियम-दरांच्या पुस्तकाने) ही सोय केली, पण 31 डिसेंबर 1940 पूर्वी बनलेल्या व्हिंटेज गाड्यांसाठीच. 2021 च्या नियमांत व्हिंटेज म्हणजे 50 वर्षांवरची आणि मूळ रूपातली गाडी. बदल केलेली 20 वर्षांची गाडी कुठेच बसत नाही. तरीही आरटीओ तपासणी करून तिला आणखी पाच वर्षं चालवायची परवानगी देतं, ग्रीन टॅक्स घेतं, आणि ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाला 10,000 रुपये आकारतं. सरकार जिला रस्त्यावर चालण्यायोग्य मानतं, तिची ठरलेली किंमत लिहून द्यायला आयआरडीएआयने (विमा नियामकाने) कंपन्यांना भाग पाडलंच पाहिजे.

मी हे त्यांना लेखी कळवते आहे. ठाणे, वाशी, पनवेल, कुठलाही नंबर असू दे, ज्यांना सही करायची आहे त्यांनी कमेंटमध्ये गाडीचं मॉडेल आणि वर्ष लिहा. कंपनीला द्यायच्या पत्राचा मसुदाही पाठवते.