तीन इंच उंच

मला फक्त टायर बदलायचे होते. आमच्या घरात हे वाक्य आता मला कुणी पूर्ण करू देत नाही, पण खरं तेच आहे.

माझी पिकअप 22 वर्षांची. आधीच्या मालकाने तिच्यातून आयुष्यभर सामान वाहिलं, मी ती डोंगर चढायला घेतली. म्हणजे निवृत्तीच्या वयात बिचारीची बदली झाली. डोंगरात जायचं तर दांडगे, दातेरी टायर हवेत, म्हणून 29 इंचांचे काढून 31 इंचांचे बसवले. झोकात स्टिअरिंग वळवलं आणि चाक मडगार्डला असं घासलं, की शेजारच्या घरातला दिवा लागला.

आता टायर घासतोय म्हणजे टायर मोठा आहे, असा निष्कर्ष कुठल्याही शहाण्या माणसाने काढला असता. मी काढला तो असा, की गाडी ठेंगणी आहे. मिस्त्री म्हणाले, "साहेब, तीन इंच उचलू. स्प्रिंगचे जुने पाटे काढायचे, जास्त बाकाचे घालायचे. एका दिवसाचं काम." मी म्हटलं, "मग घरीच करतो." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि न मागता एक लांब लोखंडी पाइप दिला. "पान्याला लावायला," म्हणाले. "लागेल."

चार पाटे, प्रत्येकाला तीन बोल्ट, एकूण 12. पैकी पहिल्याशी माझी ओळख शनिवारी सकाळी झाली आणि ती रविवारी संध्याकाळपर्यंत टिकली.

पाट्याच्या टोकाला गोल डोळा असतो, त्यात रबरी बुश असतं, बुशच्या आत लोखंडी नळी आणि नळीतून बोल्ट. 22 वर्षांत तो बोल्ट आणि ती नळी गंजून एकजीव होतात. पाना लावून जोर दिला की बोल्ट चक्क फिरतो. माणूस हरखतो. पाना सोडला की बोल्ट, जिथून निघाला होता तिथे, शांतपणे परत येतो. कारण फिरत असतं ते रबर. असं मी 40 वेळा तरी केलं असेल. प्रत्येक वेळी हरखलोही. मग गंजावरचं तेल फवारून रात्रभर ठेवलं. सकाळी बोल्ट तसाच, फक्त चकचकीत. मग पाइप लावला. पाइप वाकला. बोल्टने मान तिरकीसुद्धा केली नाही. शेवटी गॅसची ज्योत लावली. बोल्ट हलला नाही, रबराने मात्र पेट घेतला. गाडीखाली उताणा पडलेला असताना छातीपासून वीतभरावर रबर जळू लागलं, तर माणूस किती चपळ होतो हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या वयात मी ते प्रात्यक्षिक पुन्हा देणार नाही.

हिने बादली ओतली. अर्धी बुशवर, अर्धी माझ्यावर. नंतर म्हणाली, "अहो, कापून का टाकत नाही?"

12 पैकी 7 कापले. उरलेल्या 5 जणांचे आटे गेले.

तिसऱ्या शनिवारी गाडी टेकूच्या लोखंडी घोड्यांवरून खाली उतरली आणि खरोखर तीन इंच उंच उभी राहिली. मी कौतुकाने वाकून खाली पाहिलं. मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्यावर डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरांचा, लोखंडी भोपळा असतो. दगडावर सगळ्यात आधी आपटतो तो हाच. हा भोपळा जिथल्या तिथे लोंबत होता. साहजिकच आहे! पाटे अ‍ॅक्सलच्या वर बसतात. ते उंच केले की वरची गाडी उचलली जाते, अ‍ॅक्सल जमिनीपासून तेवढाच राहतो. तो उचलतात फक्त टायर, आणि तेही निम्म्याने : व्यास 2 इंच वाढला की भोपळा 1 इंच वर. तीन शनिवार, 12 बोल्ट आणि माझ्या भुवया खर्चून भोपळ्याच्या उंचीत पडलेली भर शून्य होती. हे मी हिला सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण आठवलं की पाठ दुखते. गाडी उंच झाली तशा ब्रेकच्या रबरी नळ्या आखूड पडल्या, त्या लांब घातल्या. मग मागचे ब्रेक रुसले. जुन्या पिकअपला मागे एक झडप असते. हौद्यात ओझं भरलं, गाडी दबली, की ती मागच्या चाकांना जास्त ब्रेक देते. आता गाडी तीन इंच वर गेल्याने झडपेची समजूत झाली, की हौदा रिकामाच नव्हे, बहुधा कुणी काढूनच नेलाय. तिची दांडी सरकवून समजूत घातली. तोवर चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचा, कोन तिरका होऊन गाडी थरथरायला लागली. त्यावर मिस्त्रींनी दिलेला उपाय मी दोनदा विचारून खात्री करून घेतला : ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी, थोडी खाली उतरवायची. म्हणजे दगड लागू नये म्हणून वर केलेल्या गाडीचा एक भाग दगडाच्या भेटीला खाली आणायचा. आणला. शिवाय मोठ्या टायरमुळे स्पीडोमीटर खोटं बोलू लागला. तो 60 म्हणतो तेव्हा गाडी 64 ने पळत असते. तेवढं एक मी तसंच ठेवलं. या सगळ्या प्रकरणात अपेक्षेपेक्षा जास्त मिळालेली ती एकच गोष्ट होती.

पहिल्या सफरीला ही बरोबर आली. (चढताना तिला स्टूल लागलं. स्टूल आता हौद्यात असतं.) चढ नीट गेले, दगडही नीट गेले, आणि कोरड्या नदीच्या पात्रात, सपाट वाळूत, गाडी बसली. मी फोर-व्हील लो टाकला, रेस दिली, मागची चाकं वाळू उडवू लागली. पुढची ढिम्म.

"ते पुढच्या चाकांवरचे खटके फिरवायचे असतात ना?" ही म्हणाली.

ते खटके, म्हणजे हब, लॉक करायचे राहिले होते. उतरून केले. आता चारही चाकं फिरली आणि गाडी चारही बाजूंनी सारखी खाली गेली. भोपळा वाळूवर अंडी उबवायला बसल्यासारखा टेकला.

मी फावडं शोधत होतो, तेवढ्यात हिने गाडीबरोबर आलेलं जुनं माहितीपुस्तक उघडलं. ते मी कधीच वाचलं नव्हतं. "यात लिहिलंय, वाळूत टायरची हवा कमी करा."

चाकांपुढची वाळू उपसली, 35 ची हवा 16 वर आणली. टायर पसरले, वाळूवर ऐसपैस बसले. रिव्हर्स टाकला. गाडी अशी अलगद बाहेर आली, की मला थोडा अपमानच वाटला. या युक्तीला एकही बोल्ट लागत नाही. जुन्या 29 इंची टायरांनाही ती चालली असती.

"बघा," ही म्हणाली, "हवा काढली की सुटतं माणूस." ती टायरबद्दल बोलत होती, असं मी धरून चाललो.

पक्क्या रस्त्यावर तेवढ्या हवेत पळवता येत नाही, टायर तापतात. कॉम्प्रेसर? तो घरी, स्टुलाला जागा करण्यासाठी काढून ठेवलेला. सीटमागे सापडला एक पायपंप, सायकलचा. मी पंप मारायला लागलो. ही स्टूल काढून, सावली बघून, हातात गेज घेऊन बसली.

दोनशे वेळा पाय मारून झाल्यावर मी विचारलं, "किती?"

"साडेसतरा," ती म्हणाली. "पहिलाच आहे ना हा?"