जिथनं निघालासा, तिथंच?

माझ्या पँटीला अजून ओल्या वैरणीचा वास येतोय. दोनदा धुतली. तिसऱ्यांदा धुवायला घरात कुणी तयार नाही.

झालं एवढंच, की रविवारी सकाळी मी चालायला गेलो. भाचा इंग्लंडात असतो आणि दर शनिवारी फोटो पाठवतो. नदीकाठची पाऊलवाट, कमानींचा दगडी पूल, आणि बंद पडलेल्या रेल्वेच्या जागी झालेला सपाट रस्ता; त्यावरनं कुत्र्यासकट चाललेली म्हातारी जोडपी. तिकडं 1963 साली बीचिंग नावाच्या साहेबानं तोट्यातले लोहमार्ग बंद करा म्हणून अहवाल दिला. रूळ गेले, आणि त्यातल्या कितीतरी जागांवर आता लोक हिंडतात. गोल फिरायचं, निघालो तिथंच परत यायचं, शेवटी काहीतरी प्यायचं. म्हटलं, आपल्याकडं काय कमी आहे? नदी आहे, रेल्वे आहे, आणि शेवटच्या पिण्याची कोल्हापुरात कधी कुणाची अडचण झालेली नाही.

कोल्हापूरजवळच्या वळिवडे स्टेशनाजवळ स्कूटर लावली. बेत असा, की चिंचवाडच्या बाजूनं पंचगंगेवर जायचं, काठाकाठानं रुकडीच्या रेल्वेपुलापर्यंत यायचं आणि रुळाच्या कडेकडेनं परत. सहा-सात किलोमीटर.

नदीकाठची वाट नकाशात होती. जागेवर ऊस होता. काठाला पाय लावायला जागा म्हणून नाही. ऊस थेट पाण्यात उतरलेला, मधनं मोटारींच्या पाइपा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि न दिसणारी सरस्वती अशा पाच नद्या चिखलीच्या प्रयागाला एक होतात हे शाळेत पाठ केलं होतं. पुढं शहराच्या खाली त्यात आणखी काय काय एक होतं ते नाकाला कळतं. जलपर्णी इतकी दाट, की बगळे पाण्यावर चालत होते. मला काठावर चालता येईना आणि बगळ्याला नदीवर चालता येत होतं. पुलाखालच्या पाण्याची आठवण आपल्याला जुलैतच होते. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, हे आकडे पोराटोरांना पाठ. बाकी अकरा महिने नदीला काय होतंय ते कुठल्या फुटपट्टीवर मोजतात, कुणास ठाऊक.

सरीतनं वाट काढत, उसाच्या पात्यानं दोन्ही हात खरवडून घेत मी एका बांधावर निघालो, तर समोर मामा.

डोक्याला टापर, हातात खुरपं, बसलेले. माझ्याकडं पायापासून टोपीपर्यंत बघितलं. टोपीवर नजर थांबली. ती भाच्यानंच पाठवलेली.

"मोजणीचं व्हय?"

"नाही मामा. चालायला आलोय."

"कुठं चाललासा?"

"कुठं नाही. वळिवड्यात."

"वळिवडं मागं ऱ्हायलं."

"तिथनंच निघालोय. गोल फिरून परत तिथंच जायचंय."

मामांनी खुरपं खाली ठेवलं. "जिथनं निघालासा, तिथंच?"

"होय."

"मग निघालासाच कशाला?"

मला उत्तर येईना. अजून आलेलं नाही.

"नवस हाय का?"

"नाही."

"वारी न्हवं, पावनखिंडीची मोहीम न्हवं?" मामांनी एकेक बोट मिटत सगळी कारणं तपासली. "घाण्याचा बैल बी गोल फिरतोय. पर त्येच्या फिरण्यातनं रस तरी निघतोय."

विषय बदलावा म्हणून मी जुन्या रेल्वेचं विचारलं. ही माझी चूक. तेरा वर्षांच्या शाहू महाराजांनी 1888 साली या मार्गाची पहिली कुदळ मारली, 1891 ला गाडी मिरजेपर्यंत धावली, ती मीटरगेज होती, 1971 ला ब्रॉडगेज आली, वगैरे वगैरे. मी बरंच बोललो. हातवारे पण केले. लांबी दाखवायला दोन्ही हात पसरले, आणि तिथंच घात झाला.

"ती गेली न्हवं?"

"गेली."

"मग हुडकताय कशाला?"

"तिच्या खुणा बघायच्या होत्या."

"खुणा!" मामा उभेच राहिले. "म्हंजे खुटं मारायला आलासा!"

महामार्गासाठी जमीन मोजायला कुणी आलं, की या जिल्ह्यातली गावं चवताळून उठतात, आणि त्यात त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही. पण मी पाण्याची बाटली घेऊन आलो होतो, खुंटी नव्हे. ते पटवता पटवता मामांनी माझी सॅक उघडायला लावली. आत एक केळं, छत्री आणि भाच्याच्या फोटोवरनं मी वहीत काढलेला नकाशा. त्यावर बाणसुद्धा होते. आता काय सांगणार?

"मामा, डॉक्टरांनी सांगितलंय. शुगर आहे."

"आँ? मग आदी सांगायचं की!" एका शब्दात मी सरकारी माणसाचा आजारी माणूस झालो. पाव्हण्याला बांधावर सोडतात होय? घरी नेलं. भिंतीवर 2019 च्या पुराची रेघ दाखवली, ती माझ्या टोपीच्या वर होती. मग चहा आला. साखर नको म्हटल्यावर मामी आत गेल्या आणि गुळाचा घेऊन आल्या. दुप्पट गोड. "गुळाला काय हुतंय?"

चहा पिताना मामांना आठवलं. "आमचा म्हातारा सांगायचा. हितं पोलंडवाल्यांची छावणी हुती न्हवं, तवा ती गोरी माणसं बी अशीच हिंडायची रानातनं. बिनकामाची." छावणी खरीच होती, 1943 ते 48, महायुद्धानं देशोधडीला लागलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित वळिवड्यात राहत. "पर त्यांचं घर गेल्यालं वो. तुमास्नी घर हाय न्हवं?"

हे त्यांनी खरोखरच्या काळजीनं विचारलं. म्हणूनच जास्त लागलं. या देशात माणूस कामाशिवाय चालताना दिसला की तो चोर तरी असतो, सरकारी तरी, नाहीतर घरातनं हाकललेला. चालण्यासाठी वाट ठेवायची हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. शहरात फुटपाथावर गाड्या, गावात रस्त्याच्या कडेला शेणी, नदीला ऊस. रेल्वेचा तर प्रश्नच नाही. आमच्याकडं माजी रेल्वेच्या जागेवर आजी रेल्वे बसलेली असते, आणि रुळावरनं चाललात तर रेल्वे कायद्याचं कलम 147 आहेच.

मी उठलो, तर मामांनी पुतण्याला हाक मारली. "पाव्हण्यास्नी ठेसनावर सोड जा."

"मामा, मला चालायचंय."

"शुगर हाय म्हणतासा आन् उन्हात चालतासा?"

मोटरसायकलवर पुढं पुतण्या, मध्ये वैरणीचा ओला भारा, मागं मी. रुकडीचा पूल बघायचा राहिला. स्टेशनात उतरून मोबाइलमध्ये बघितलं: 4,116 पावलं. त्यातली निम्मी मामांच्या घरी चप्पल हुडकण्यात गेली असावीत. भाच्यानं विचारलं, "सर्कल पूर्ण झालं का?" त्याला अंगठा पाठवला.

उतरताना पुतण्यानं माझा नंबर घेतला होता. काल संध्याकाळी त्याचा फोन आला.

"सायेब, काका इचारत्यात."

"काय रे?"

"खरं सांगा. मोजणी न्हाई न्हवं?"