नऊ दरवाजे आणि एक बटण

बावीस वर्षे घरांचे नकाशे काढणाऱ्या माणसाला दरवाजे काढायला साडेचार तास लागले, ही गोष्ट बाहेर फुटू नये अशी माझी फार इच्छा होती. परंतु आमची कचेरी सांगलीत आणि तीन खोल्यांची असल्यामुळे ती चहा येण्यापूर्वीच फुटली, तेव्हा आता मीच ती रीतसर सांगून टाकतो.

संगणकावर नकाशे काढण्याचे ऑटोकॅड हे सॉफ्टवेअर आले १९८२ साली. मी त्याच्या वाटेला पुष्कळ उशिरा गेलो. तेव्हा पडद्याच्या कडांना टूलबारच्या, म्हणजे चित्रांच्या बटणांच्या, पट्ट्या चिकटवलेल्या असत आणि कोणते चित्र कुठे आहे हे डोळ्यांआधी हाताला ठाऊक असे. २००९च्या आवृत्तीपासून माथ्यावर रिबन नावाचा रुंद पट्टा आला आणि २०१५च्या आवृत्तीतून 'क्लासिक' ही जुनी मांडणीही गेली. तरी माझ्यासारख्या जुन्या खोडांसाठी मागचे दार किलकिले ठेवलेले आहे: कमांड लाइनवर, म्हणजे हुकूम टाइप करायच्या ओळीवर, 'मेनूबार' टाइप करून १ हा आकडा दिला की जुनी मेनूची ओळ परत येते आणि तिच्यातून हवे ते टूलबार बाहेर काढून मांडता येतात. मी ते मांडले. शहाणा माणूस इथे थांबला असता.

त्या दिवशी समोर एका बंगल्याचा नकाशा होता आणि त्यात नऊ दरवाजे होते. दर वेळी फोल्डरात शिरून दरवाज्याचा ब्लॉक, म्हणजे एकदाच काढून ठेवलेला तयार आकार, शोधण्यापेक्षा टूलबारवर त्याचे एक बटणच करून टाकावे, म्हणजे जन्माची ददात मिटेल, असे माझ्या मनाने घेतले. 'सीयूआय' टाइप केल्यावर यासाठी जी खिडकी उघडते, तिच्या डाव्या अंगाला मेनू, टूलबार आणि वर्कस्पेस (म्हणजे पडद्याची जतन केलेली मांडणी) यांची वंशावळ असते. तीत मी 'दरवाजा' नावाची नवी कमांड जन्माला घातली आणि ती दाबल्यावर काय घडावे, हे मॅक्रोच्या रकान्यात लिहू लागलो.

मॅक्रो ही एका ओळीची गोष्ट आहे, परंतु त्या ओळीत प्रत्येक टिंबाला स्वतःचे मत असते. फाइलचा पत्ता मी नेहमीसारखा उलट्या तिरप्या रेघा देऊन लिहिला, आणि मॅक्रोमध्ये उलटी तिरपी रेघ म्हणजे 'थांबा, साहेब काहीतरी सांगणार आहेत'. त्यामुळे बटण दाबताच ऑटोकॅड डी ड्राइव्हच्या उंबरठ्यावर अदबीने उभे राहिले. ते माझी वाट पाहत होते आणि मी त्याची. असा आमचा पाऊण तास गेला. रेघा सुलट्या केल्या तर 'नवे ब्लॉक' या फोल्डरच्या नावात मधली मोकळी जागा आडवी आली, कारण इथे मोकळी जागा म्हणजे एंटर. 'नवे' एवढेच ऐकून त्याने तसली फाइल नसल्याचे कळवले. फोल्डरचे नाव जोडून लिहिल्यावर पहिला दरवाजा आला आणि मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. दुसऱ्या वेळी मात्र मी भिंतीची रेघ अर्धवट ठेवून बटण दाबले. मॅक्रोच्या आरंभी 'कॅरेट सी' (^C) दोनदा लिहिले की आधी चाललेली कमांड रद्द होते. मी ते लिहिलेले नव्हते, त्यामुळे माझी सगळी ओळ रेघेच्या पुढच्या बिंदूचा पत्ता म्हणून वाचली गेली आणि अर्थातच नाकारली गेली.

एवढे जमल्यावर बटणाला चित्र हवे. त्यासाठी सोळा बाय सोळा घरांचा एक चौकोन मिळतो. नकाशात दरवाजा म्हणजे एक सरळ रेघ आणि पाव वर्तुळाची कमान. हा आकार मी आजवर किती हजार वेळा काढला असेल याची गणती नाही. परंतु २५६ घरांत कमान वाकत नाही, ती पायऱ्यापायऱ्यांनी उतरते. मी एक घर भरावे, दोन पुसावीत, मान मागे करून पाहावे, असे बराच वेळ चालले. टी-स्क्वेअर आणि शाईच्या पेनांवर अर्धी हयात घालवलेले आमचे अण्णा चष्मा कपाळावर चढवून वाकले आणि म्हणाले, "जिन्याचं बटण केलंस होय? बरं केलंस, मला फार लागतो."

अण्णांच्या स्वतःच्या पडद्यावर एकही टूलबार नाही. ते डाव्या हाताने 'आय' (ही ब्लॉक बसवण्याची कमांड) आणि एंटर दाबतात आणि दरवाजा येतो. त्या साडेचार तासांत त्यांनी शेजारच्या अपार्टमेंटचे दोन मजले संपवले होते, ही माहिती मला कोणी विचारली नसताना देत आहे.

शेवटी टूलबार हवा तिथे डावीकडे बसला. ही मांडणी वर्कस्पेस म्हणून जतन करावी लागते, हे मला दुसऱ्या वर्कस्पेसवर जाऊन परत आल्यावर कळले. पुन्हा मांडली, जतन केली, आणि नवाच्या नऊ दरवाजे तीन मिनिटांत बसवून नकाशाची प्रिंट काढली.

सहा वाजता बंगल्याचे मालक पत्नीसह आले. वहिनींनी नकाशावर बोट फिरवले, त्या नऊ कमानी एकेक करून मोजल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, उघडणारी दारं फार जागा खातात हो. सगळीकडे सरकतीच करा ना."

ते गेल्यावर मी सोळा बाय सोळाचा चौकोन पुन्हा उघडला. सरकत्या दरवाज्याच्या दोन्ही रेघा सरळ असतात, एवढाच काय तो दिलासा होता.