सांगलीत घर घेताना आधी पूररेषा बघा

भाडं म्हणजे वाया गेलेला पैसा, त्यापेक्षा कर्ज काढून स्वतःचं घर घ्यावं, असं एका लेखात वाचलं. मला नाही पटलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली (धोक्याची पातळी ४५), तेव्हा आम्ही नदीजवळच्या जुन्या वस्तीत, गावभागात तळमजल्यावर भाड्याने राहत होतो. पाणी ओसरल्यावर भिंतीवर माझ्या खांद्याएवढी चिखलाची रेघ होती. सासूबाईंचं लाकडी कपाट इतकं फुगलं होतं की दारच उघडेना. सामान गेलं, पण दोन महिन्यांत आम्ही नदीपासून लांब, विश्रामबागला खोल्या बघून निघालो. घरमालक काका मात्र त्याच भिंती खरवडत राहिले, कर्जाचे हप्ते चालूच. २०२१ ला पुन्हा पाणी आलं.

हिशेबही पूर्ण मांडा ना. ३० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं: महिना २६ हजार, एकूण फेड ६२ लाखांच्या वर. आमचं भाडं ९ हजार. अकरा महिन्यांनी करार नवा करताना पोटात गोळा येतो, हे खरंय. मुलीची शाळा बदलावी लागेल की काय, ही धास्ती असतेच. त्यामुळे घर आम्हीही घेणार आहोत, पण पूररेषेचा नकाशा बघून, आणि त्या गल्लीतल्या जुन्या माणसांना २००५ ला पाणी कुठवर आलं होतं ते विचारून.