भावना घरी ठेवल्याने बर्नआउट टळत नाही

‘जे कामात फार गुंततात त्यांनाच बर्नआउट (कामाच्या सततच्या ताणाने थकून, खचून जाणे) होतो, म्हणून भावना घरी ठेवा, मन घट्ट करा आणि अगदीच असह्य झाले तर आठवडाभर सुटी घ्या,’ असा सल्ला परिचारिका, शिक्षक, समुपदेशक यांना उठता-बसता दिला जातो. देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, परंतु संशोधनाशी या सल्ल्याचा मेळ बसत नाही.

सर्वाधिक नुकसान करणारा भाग भावना बाजूला ठेवण्याचा आहे. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी सुझन जॅक्सन यांच्यासह १९८१ मध्ये बर्नआउट मोजण्याची जी प्रश्नावली मांडली, तिच्या २२ विधानांपैकी ९ भावनिक थकव्याविषयी, ८ आपल्या हातून काही भले होते आहे या जाणिवेविषयी आणि ५ समोरच्या माणसाविषयी वाटेनासे होण्याबद्दल आहेत. रुग्णाला नावाऐवजी ‘सात नंबरचा बेड’ म्हणू लागणे, नातेवाईक रडत असताना फाइलमधून मान वर न काढणे, याला आपण मनाचा कणखरपणा समजतो. या मोजमापात मात्र त्याची गणना बर्नआउटच्या लक्षणांत होते. शिवाय आत एक आणि चेहऱ्यावर दुसरेच, असे दिवसभर वागावे लागणाऱ्यांत भावनिक थकवा अधिक आढळतो, हे अनेक अभ्यासांतून पुढे आले आहे.

गुंतणेच घातक, या म्हणण्यात थोडे तथ्य आहे आणि ते मान्य केलेच पाहिजे: दुसऱ्याची वेदना जशीच्या तशी भोगत राहिले की माणूस खचतो. पण सहवेदना आणि करुणा या दोन वेगळ्या भावना आहेत. संशोधक टानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांच्या प्रयोगांत इतरांच्या दुःखाशी समरस होण्याचे प्रशिक्षण घेतल्यावर, दुःखाच्या चित्रफिती पाहताना सहभागींच्या नकारात्मक भावना वाढल्या. त्यांनाच पुढे करुणेचे, म्हणजे त्या माणसाचे भले व्हावे अशी आस्था जोपासण्याचे प्रशिक्षण दिल्यावर त्या घटल्या आणि सकारात्मक भावना वाढल्या. प्रयोगशाळेत चित्रफिती पाहणे आणि वॉर्डात रात्रपाळी करणे यांत अंतर आहे, तरीही आस्था कमी केल्याशिवाय तग धरता येत नाही हा समज त्यातून नक्कीच ढळतो.

राहिली सुटी. ती मिळायलाच हवी, परंतु तिचा लाभ कामावर परतल्यानंतर काही आठवड्यांत ओसरतो, कारण तोच रोस्टर (पाळ्यांचे वेळापत्रक) आणि तेवढेच रुग्ण वाट पाहत असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटला आजार न म्हणता कामाशी निगडित घटना म्हटले, आणि मॅस्लॅक व मायकेल लायटर यांनीही कामाचा बोजा, निर्णयाची मुभा, मोबदला, सहकाऱ्यांची साथ, न्याय्य वागणूक आणि मूल्ये या सहा अंगांनी कामाची जागाच तपासायला सांगितले. कर्मचाऱ्याला मन घट्ट करायला सांगणाऱ्या वरिष्ठांनी आधी या सहांपैकी आपल्या हातात काय आहे ते पाहावे. रोस्टर तर बहुधा तेच आखतात.