खुलासा : रेडिएशन मशीनवर ठेवलेली ती ‘काळी पाटी’

नाशिकमधल्या काही व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो फिरतोय. कॅन्सरच्या रेडिएशन मशीनखाली पेशंटच्या जागी काळी चौकोनी पाटी. सोबत मजकूर : ‘मशीन बिघडलंय, लपूनछपून दुरुस्ती चालू आहे.’

दुरुस्ती नाही, ती तपासणी आहे. पाटीत शेकडो छोटे डिटेक्टर (किरण मोजणारी साधनं) जाळीसारखे बसवलेले असतात. किरणांचा झोत पडला की प्रत्येक डिटेक्टर आपल्या जागेवरचा डोस, म्हणजे किरणांची मात्रा, मोजतो. झोत सगळीकडे सारखा आहे का, डावी-उजवी बाजू जुळते का, हे एका दमात कळतं. द्राक्षाची गोडी बघताना आपण एकच मणी चाखून बाग पास करत नाही, तसंच हे. रोजच्या डोसमध्ये साधारण ३ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. त्यापुढे गेला की कारण शोधतात, गरज पडली तर उपचारही थांबवतात. पेशंटच्या उपचाराचा प्लॅन किचकट असेल तर तोही पेशंटच्या आधी या पाटीवर चालवून बघतात. तेव्हा खोलीत कुणी नसतं, असायलाही नको.

एक गोष्ट मात्र खरी : पाटीला सगळंच दिसत नाही. दोन डिटेक्टरांमध्ये काही मिलिमीटरची फट राहते, त्यामुळे अगदी छोट्या झोतासाठी किरण पडले की काळी पडणाऱ्या फिल्मसारखी बारीक साधनं लागतात. आणि मूळ डोसचं कॅलिब्रेशन, म्हणजे मशीनचं माप नेमकं लावणं, पाण्याच्या टाकीत आयन चेंबर (किरण मोजणारं छोटं उपकरण) बुडवूनच होतं.

मेसेज वाचून कुणी उद्याची अपॉइंटमेंट रद्द केली असेल, तर आजच फोन करून परत घ्या.